कोलेसिस्टेक्टॉमीची चिरफाड

शब्द तोडावा तर मीच! छापखान्यात माझं कामच ते. ओळ संपली नि शब्द उरला, की तो नेमका कुठे तोडायचा हे मी झोपेतही सांगेन.

म्हणून इस्पितळात सासऱ्यांच्या खाटेवरच्या पाटीकडे बोट दाखवून सासूबाईंनी "हे काय हो लिहिलंय?" असं विचारलं, तेव्हा मी बाह्याच सरसावल्या.

"सोप्पं! को-ले-सिस-टेक-टॉ-मी. त्यातलं सिस्ट म्हणजे गाठ!"

"गाठ?" सासूबाई मटकन खाली बसल्या. "डॉक्टर तर पित्ताशयात खडे म्हणाल्या होत्या!"

"धीर द्यायला म्हणतात तसं," मी म्हणालो. काय दुर्बुद्धी सुचली!

बायकोने बहिणीला फोनवर 'गाठ' सांगितली, बहिणीने मामाला 'मोठी गाठ', आणि संध्याकाळी वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही! अंगणातल्या भिंतीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेला सासऱ्यांचा धाकटा भाऊही ढसाढसा रडत आला.

"दादा, उद्याच भिंत पाडतो!"

"राहू दे रे," सासरे खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "माझ्या बाजूचं अंगणही तूच घे."

तेवढ्यात सर्जनबाई आल्या. "गाठ कोण म्हणालं?"

सगळी बोटं माझ्याकडे!

बाई रागावल्या नाहीत. खाटेच्या कडेवर टेकल्या. "शब्द ग्रीकमधून आलाय. कोले म्हणजे पित्त. सिस्ट म्हणजे इथे पिशवी. टॉमी म्हणजे कापणं."

"आणि मधलं टेक?" मी चाचरत विचारलं.

"तिथेच तर मजा आहे! कानाला 'टेक' एकसंध लागतं. पण त्यातला ट पिशवीचा, आणि 'एक' म्हणजे बाहेर. पित्ताची पिशवी कापून बाहेर! ते 'एक' नसतं, तर पिशवी नुसती उघडली असती. ती आतच राहिली असती."

केवढा हा शब्द! अख्खं ऑपरेशन त्याच्यात घडी घालून ठेवलेलं! जन्मभर शब्द तोडले, पण त्यांचे सांधे कधी पाहिलेच नव्हते. सासूबाई डोळे पुसत एकेक तुकडा पुटपुटत होत्या, "कोले... सिस्ट... एक... बाहेर!"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झकास झालं. सासरे शुद्धीवर आले तेव्हा भाऊ उशाशी त्यांचा हात धरून बसला होता.

"अंगणाचं काय ते मी भुलीत बोललो," सासरे घाईघाईने म्हणाले.

"दादा, भूल तर आज दिली!"

"आज डॉक्टरांनी दिली," सासऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "काल ह्यांनी!"