घासू नका, पुसा

पांढुर्ण्यात आमच्या शेजारी मनोहरभाऊ राहतात. सकाळचा चहा झाला की ते ओट्यावर सतरंजी टाकतात, तिच्यावर एक काळीभोर इलेक्ट्रिक गिटार आडवी ठेवतात आणि पुसत बसतात. वाजवत नाहीत. सा कुठला आणि रे कुठला हेही त्यांना कळत नाही. नुसते पुसतात.

रस्त्यानं जाणारा एखादा हटकतोच, "काय भाऊ, एखादं गाणं होऊन जाऊ द्या न!"

"वाजवणारे गल्लोगल्ली हायेत," मान वर न करता भाऊ म्हणतात. "पुसणारा दाखव एक."

त्यांचा जन्म कापडाच्या दुकानात गेला. त्यामुळे फडक्याच्या बाबतीत ते फार कडक. टेरिकॉट म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा. नवं सुती कापडही चालत नाही. मला सांगतात, "नव्या कापडाले अजून अक्कल आली नसते, बाबूजी. अंगावर दोन उन्हाळे काढले पाहिजे त्यानं." आधी कोरड्या फडक्यानं धूळ टिपायची, मग तोंडाची वाफ द्यायची, मग दुसऱ्या फडक्यानं हलक्या हातानं गोल गोल फिरवायचं. तारांखालची धूळ दाढीच्या जुन्या ब्रशनं काढायची. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या कारखान्याकडून तंतू उडत येतात आणि काळ्या रंगावर एकेक तंतू दिसतो. तेव्हा भाऊ स्वतः डास खात झोपतात आणि मच्छरदाणी गिटारवर असते. शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेले की हाताला शेंदूर लागतो, म्हणून त्या दिवशी गिटारला सुट्टी.

"घासू नका, पुसा," हा त्यांचा मंत्र. तो ते कोणालाही देतात. न्हाव्याला देतात, भांडेवालीला देतात. एकदा आमची ही मोरीत कढई घासत होती, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "वहिनी, घासू नका, पुसा!"

"पुसते न भाऊजी," ही म्हणाली. "खालची करपलेली भाजी तुमच्याच ताटात वाढते मग."

गिटार त्यांच्या मुलीची, वैशूची. पोरीनं हट्ट करून नागपूरहून आणवली होती. मोहल्ल्याच्या गणपतीत ती स्टेजवर वाजवायची. आईची एकच अट होती, मोकळ्या हातानं चारचौघांत बसायचं नाही. त्यामुळे वैशू दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या भरून इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. समोरून कोणी ओरडायचं, "वैशू, गिटारपेक्षा बांगड्याच जास्त वाजून राहिल्या!" तीही हसायची आणि मुद्दाम मनगट हलवायची.

एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि पोर गेली. त्यानंतर तिची आई फार दिवस राहिली नाही. भाऊंनी दुकान बंद केलं आणि फडकं हातात घेतलं. ते यावर कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. गिटारवरून त्यांची थट्टा करणं सोपं होतं, ती आम्ही करत राहिलो.

आता गावात बोलतात, की मनोहरभाऊ दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला भ्यायले. कोणी म्हणतं चिंगूस आहे, कोणी म्हणतं म्हातारचळ लागला. मी हे ऐकतो आणि गप्प बसतो. सगळ्याच गोष्टी खोट्या आहेत. खरं काय ते मला माहीत आहे, कारण ते माझ्या हातून झालं.

भाऊंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांचा धाकटा भाऊ तिगावला असतो. तो आला आणि एका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना रेल्वेनं नागपूरला घेऊन गेला. जाताना भाऊ गिटार माझ्याकडे देऊन गेले. "रोज नाही पुसलं तरी चालते बाबूजी. फक्त झाकून ठेवा."

मला रोज पुसायची हौस आली. तेव्हा प्रथमच ती गिटार मी जवळून पाहिली. सगळी आरशासारखी, पण तारांच्या खाली, वाजवताना उजवं मनगट फिरतं तिथं तळहाताएवढी जागा मळकट होती. बारीक बारीक ओरखडे, चंद्रकोरीसारखे वाकडे, एकावर एक. मला आठवलं, पुसताना भाऊंचं फडकं तिथपर्यंत यायचं आणि दगडाला वळसा घालून पाणी जावं तसं पुढे जायचं. मला वाटलं, बिचाऱ्यांना दिसतच नाही. नव्या डोळ्यानं पाहतील तर जिवाला लागेल.

माझ्या स्कूटरचे ओरखडे काढायला आणलेला रबिंगचा डबा घरात होता. मी अख्खी दुपार बसलो. घासलं. जोर लावून घासलं. ओरखडे गेले. त्या जागेत मला माझा चेहरा दिसायला लागला, तेव्हा मी हिला हाक मारून दाखवला.

भाऊ परत आले. काळा चष्मा काढून ओट्यावर बसले, गिटार मांडीवर घेतली. मी शाबासकीची वाट पाहत उभा होतो. त्यांनी ती उन्हाकडे तिरपी केली. पुन्हा केली. बोटाचं टोक त्या जागेवरून फिरवलं.

"बाबूजी," ते म्हणाले, "वैशूच्या बांगड्या कुठी गेल्या?"

तेव्हा मला कळलं. मी मोहल्ल्याच्या गणपतीत पहिल्या रांगेत बसणारा माणूस. ती किणकिण मी ऐकली होती, त्या थट्टेला हसलो होतो. आणि तरी डबा उघडला होता.

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, "असतील न भाऊ तिथंच. डोळा नवा आहे तुमचा. या नव्या काचेतून सगळंच चकचकीत दिसते म्हणतात."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझं दुर्दैव एवढंच, की ते माझ्यावर नेहमी विश्वास ठेवतात.

पुढच्या तपासणीला ते डॉक्टरांशी भांडले. "काच चुकीची बसवली तुम्ही. जे दिसायचं ते दिसून नाही राहिलं." डॉक्टरांनी समजावलं, की डोळा उत्तम आहे, आता दुसराही करून घ्या, फार पिकू दिला तर मग हाती काही लागणार नाही. भाऊ उठून चालते झाले. तिगावचा भाऊ रागावला, रडला, शेवटी यायचा थांबला. जगात कोणी सांगितलं तरी भाऊ दुसरा डोळा उघडू देत नाहीत. मी रोज ठरवतो, आज सांगायचं. आधी लाज वाटत होती. आता भीती वाटते.

परवा मात्र मी ठरवूनच गेलो. ते पुसत होते. फडकं गोल गोल येत होतं आणि त्या जागेपाशी आलं की वळसा घेत होतं. तिथं आता वळसा घ्यावा असं काही नव्हतं. पुसलं न गेल्यानं नुसती धूळ बसली होती.

"भाऊ," मी म्हणालो, "त्या जागेचं मला तुम्हाला सांगायचं होतं."

"थांबा न बाबूजी." त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा तळहातानं झाकला. गिटार उचलून तोंडाजवळ आणली आणि तो दुधाळ डोळा अगदी टेकवल्यासारखा केला. बराच वेळ तसेच बसले. मग माझ्याकडे वळून हसले. लहान मुलानं लपवलेली वस्तू दाखवावी तसे.

"या डोळ्यानं दिसते," ते म्हणाले. "पुसट हाये, पण दिसते. काहून फोडू देऊ त्याले?"

त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं.

"हात दुखून राहिले आज. तुम्ही पुसा थोडं. तेवढी जागा सोडा."

मी पुसलं. तेवढी जागा सोडून.