फोटोतल्यासारखे कापा!

संवादकौशल्य म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. कारण ते मीच शिकवते! आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की त्याला आधी माझ्या वर्गात बसवतात. 'इतकं स्पष्ट बोला, की समोरच्याला शंकाच राहता कामा नये,' हे माझं ठरलेलं वाक्य. ते ऐकून लोक माना डोलावतात. काही जण तर झोपेतही डोलावतात.

तर आमच्या विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मी पार्लर गाठलं. जागा मलाच मिळणार होती, त्यात काय! फक्त ती मिळताना केस बरे दिसावेत, एवढीच माफक इच्छा.

पार्लरवालीने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. "कसे कापू मॅडम?"

"हे बघा," मी म्हटलं, "भारदस्त दिसले पाहिजेत, पण वय दिसता कामा नये. हलकं वाटलं पाहिजे, पण केस कमी झालेले नकोत. कापलेत हे कळलं पाहिजे, पण कापल्यासारखे दिसायला नकोत!"

एवढं स्वच्छ सांगूनही ती आरशातून माझ्याकडे बघतच राहिली. काही लोकांची आकलनशक्तीच कमी असते, त्याला आपण काय करणार?

"फोटो आहे का?" तिने विचारलं.

होता! एका मॉडेलचा. खांद्यावर रुळणारे केस आणि कपाळावर एक सोनेरी बट. मी तो मोबाईलवर उघडला, चष्मा काढून पर्समध्ये टाकला, मोबाईलच्या काचेवर मघाशी दिसलेला डाग अंदाजाने अंगठ्याने पुसला आणि तो तिच्या हातात दिला. चष्मा नसला की भिंत कुठली आणि माणूस कुठला, हे मला फक्त आवाजावरून कळतं.

"असे?" तिचा आवाज जरा चिरकला.

"अगदी असेच!"

"मॅडम, मागून पार बारीक केलेत हे."

"मागचं मला कुठे दिसणार आहे? फोटोत आहे तसं करा!"

"आणि पुढची ही बट? तीसुद्धा?"

"तीच तर हवीये!"

"नक्की ना? नाही म्हणजे, तुम्हाला..."

"अहो, एकदा स्पष्ट सांगितल्यावर पुन्हा पुन्हा विचारू नये. त्याने गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो!" मी तिला फुकटात शिकवून टाकलं.

बिचारी कामाला लागली. मी डोळे मिटून उद्याची उत्तरं घोकू लागले. कानाशी मशीन घोंघावलं, कपाळावर काहीतरी गार गार लागलं, मानेवर वारा खेळू लागला. हलकं वाटतंय म्हणून मी खूश!

चष्मा घातला. समोर आरशात आमच्या मोठ्या बाई बसल्या होत्या.

मोठ्या बाई म्हणजे माझ्या वरिष्ठ. उद्याची मुलाखत घेणाऱ्या! त्यांचे केस ब्रशसारखे आखूड, आणि कपाळावर एक पांढरीशुभ्र बट. त्या इथे कधी आल्या, म्हणून मी चक्क मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं!

डाग पुसताना फोटो सरकला होता. पुढचा फोटो होता ऑफिसच्या समारंभात भाषण ठोकणाऱ्या मोठ्या बाईंचा.

"जमलंय ना मॅडम?" पार्लरवालीने कौतुकाने विचारलं.

जमलं होतं हो! त्याचंच तर रडू येत होतं.

घरी नवऱ्याने दार उघडलं आणि ताडकन सरळ उभा राहिला. "या ना बाई, या! ही येईलच एवढ्यात."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात मागून एक कारकून धावत आला आणि कानाशी कुजबुजला, "बाई, त्या जागेवर बडबड्या मॅडमना तेवढं घेऊ नका." मी वळले. त्याने हातातला चहा स्वतःच्याच शर्टावर ओतून घेतला. माझ्या टेबलाशेजारची मैत्रीण म्हणाली, "वरिष्ठांना खूश करायला लोक फुलं देतात, पेढे देतात. तू तर डोकंच दिलंस की गं!"

मुलाखतीच्या खोलीत मोठ्या बाई आणि मुख्य कार्यालयातून आलेले साहेब बसले होते. साहेबांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बाई, नात्यातल्या उमेदवाराची मुलाखत आपणच घ्यावी, हे बरं दिसतं का?"

"ही माझी कुणीही नाही!" बाई कडाडल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे काय आहे?"

"गैरसमज झालाय बाई! मला असे नकोच होते!"

"असे म्हणजे कसे?"

"म्हणजे तुमच्यासारखे! मला चांगले हवे होते!"

बाईंनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. मी घाईघाईने सावरून घेतलं. "तसं नाही, तुम्हाला शोभतात! तुमच्या वयाला..." साहेबांना ठसका लागला. "मी तर आरशात बघून रात्रभर रडले, बाई!"

"या तुम्ही," बाई म्हणाल्या.

जागा हिशेब खात्यातल्या एका गृहस्थांना मिळाली. सगळे म्हणतात, माणूस कमी बोलतो, पण समोरच्याला नेमकं कळतं. कळत असेल बुवा! मला एवढंच माहीत आहे की त्यांना चकचकीत टक्कल आहे. त्यांना कुणाला काही समजावून सांगायची वेळ येतेच कशाला!