कारण, सासूबाई

जंगलातला कार्बन कमी होत होता आणि तो का कमी होतो हे ठरवण्यासाठी सरकारने एक स्वतंत्र विभाग उघडला होता. झाडं उभी असली की कार्बन झाडांत राहतो आणि झाडं गेली की हवेत जातो, एवढं विभागातल्या शिपायालाही ठाऊक होतं. झाडं का जातात हे मात्र कोणालाच ठाऊक असू नये, अशी विभागाची रचना होती. तिथे कारण-निश्चिती अधिकारी या पदावर एक गृहस्थ होते. त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण सगळे त्यांना कारणेसाहेब म्हणत. चिडली की बायकोही तेच म्हणायची.

एका सकाळी संचालकांनी त्यांना बोलावलं. भिंतीवर उपग्रहाने टिपलेलं जंगलाचं चित्र टांगलं होतं. पूर्वी जिथे हिरवं होतं तिथे आता टक्कल पडलं होतं आणि टकलावर हौसेने भांग पाडावा तसा मधोमध नवा महामार्ग गेला होता.

"परदेशी पाहुणे येताहेत," संचालक म्हणाले. "पैसे त्यांचे. त्यांना कारण हवंय. एकच, ठळक, आणि शक्यतो गरीब."

"साहेब, हा रस्ता..."

"रस्ता म्हणजे विकास. विकास हे कारण नसतं, उद्दिष्ट असतं."

"रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंपनीने जंगल साफ करून पामतेलाचे ताड लावलेत."

"ताड म्हणजे झाडच ना? झाड गेलं, झाड आलं."

"आणि लाकडाचे ट्रक?"

"परवान्याने जातात. परवाना असला की ती तोड होत नाही, उत्पादन होतं." संचालकांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा कारणे, ही सगळी आर्थिक कारणं. ती अर्थखात्याच्या अखत्यारीत, आणि अर्थखात्याला ती कारणं वाटत नाहीत. आपल्या वाट्याला सामाजिक कारणं आलीत. तुम्ही जा आणि समाज शोधा."

कारणेसाहेबांनी चित्राची एक कड पुन्हा निरखून पाहिली. त्यांची सासुरवाडी नेमकी त्याच जंगलाच्या कडेला होती.

तिथे पोचल्यावर समाज काही सापडेना. घरांना कुलपं होती. पुरुष लाकडाच्या ट्रकांवर गेले होते, बायका कंपनीच्या रोपवाटिकेत. ते आता समाज राहिले नव्हते. ते रोजगार झाले होते, आणि रोजगाराचा विभाग निराळा. अखेर टोकाच्या एका घरातून धूर निघताना दिसला. कारणेसाहेबांनी मनातल्या मनात हात जोडले, पण घर तेच निघालं.

"या जावईबापू!" सासूबाई चुलीपुढून उठल्या. "एकटेच? पोरीला नाही आणलं?"

"कामावर आलोय, आई." कारणेसाहेबांनी वही उघडली. "ही लाकडं कुठून आणता?"

"जंगलातून. खाली पडलेल्या काटक्या वेचते."

"म्हणजे तुम्ही जंगल जाळता."

"तुमच्यासाठी चहा टाकायचा तर काहीतरी जाळावं लागेलच ना? का तुमच्या कागदांवर उकळू?"

कारणेसाहेबांनी चहा घेतला. वर आणखी अर्धा कप मागून घेतला. मग जीपच्या आडोशाला जाऊन लिहिलं: एक कुटुंब, पारंपरिक इंधन, जंगलावर पूर्णतः अवलंबून. वर हे वाचून सगळे हसतील आणि विषय तिथेच मिटेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

वर कोणी हसलं नाही. संचालकांना तर भरून आलं. इतकं सुटसुटीत कारण विभागाच्या इतिहासात सापडलं नव्हतं. तज्ज्ञांनी जंगलाचा सगळा ऱ्हास त्या एका चुलीच्या नावे मांडला, तेव्हा ही बाई रोज टेकडीएवढं लाकूड जाळते असा निष्कर्ष निघाला.

"एवढं शिजवते तरी काय?" समितीतल्या एका सदस्याने विचारलं.

"शिजायला वेळ लागणारं काहीतरी असावं," तज्ज्ञ म्हणाले.

"बरोबर. लिहा: स्वयंपाकाची पद्धत अकार्यक्षम," संचालकांनी सांगितलं.

घरी ही बातमी कळली तेव्हा बायकोने हातातली पळी खाली ठेवली नाही, ती रोखली.

"माझी आई जंगल खाते?"

"खाते नाही, जाळते. विभागाची भाषा तशी आहे."

"आणि कारणेसाहेब, तिच्या हातचा चहा पिऊन आलात वर!"

"त्या चहाचाही कार्बन धरलाय," कारणेसाहेब पुटपुटले.

पाहुणे आले. चुलीपुढे बसलेल्या सासूबाईंचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर पाहून त्यांचे डोळे पाणावले आणि कारण-निर्मूलनाचा कार्यक्रम मंजूर झाला. कारणाला शहरात हलवायचं होतं. शहरात जवळचे नातलग असतील तर वेगळं घर द्यावं लागत नव्हतं. सासूबाई एक ट्रंक घेऊन मुलीच्या फ्लॅटवर आल्या. त्यांचं घर पाडलं गेलं. जागा मोकळी झाली, आणि कंपनीला मोकळी जागा लागतच होती. कारणेसाहेबांना बढती मिळाली.

लेकीने आईचं काही कमी पडू दिलं नाही. जड, काळ्याशार लाकडाचा पलंग आणला. हल्ली तसलं लाकूड बाजारात स्वस्त झालं होतं. झाडांखालच्या वाऱ्याची सवय, म्हणून उकाड्याने झोप लागेना; तेव्हा खोलीत एसी बसवला. फेसाळ साबण आणला. बिस्किटं तर सासूबाईंना मनापासून आवडली. एका संध्याकाळी तळण चाललं असताना त्यांनी तेलाचं पाकीट उचललं.

"कशाचं ग हे?"

लेकीने पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. "पाम, म्हणजे ताडाचं, आई. बिस्किटांत आणि साबणातही तेच असतं."

सासूबाईंनी पाकीट जपून ओट्यावर ठेवलं. "म्हणजे आमची जागा माझ्याआधीच इथे येऊन पोचली होती."

कारणेसाहेब त्या वेळी बिस्किट खात होते. त्यांचं तोंड चालायचं थांबलं. पण घास तोंडात होताच, म्हणून गिळला.

पुढचं उपग्रहचित्र आलं आणि विभागात एकच धांदल उडाली. टक्कल वाढलं होतं. कारण काढून टाकलं तरी परिणाम चालूच होता, आणि हे नियमात बसत नव्हतं. सासूबाईंना समितीपुढे बोलावण्यात आलं.

"आजी," संचालकांनी दरडावून विचारलं, "तुम्ही गुपचूप तिकडे जाऊन चूल पेटवता का?"

"चूल राहिलीय कुठे? घरच नाही." त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. "पण मीच कारण असेन, तर कबूल करते. मला शिक्षा म्हणून तिकडेच नेऊन ठेवा. हवं तर पहारा बसवा. मी तक्रार करणार नाही."

समिती गोंधळली. तेवढ्यात कारणेसाहेब नकळत उभे राहिले.

"साहेब, खरं सांगू का? तिकडे असताना या कारण नव्हत्या. इकडे आल्यावर झाल्या. आमच्या घरातलं लाकूड, तेल, साबण, सगळं तिकडून येतं. कारण आम्ही आहोत."

"बसा, कारणे," संचालक प्रेमाने म्हणाले. "त्याला उपभोग म्हणतात. उपभोग हे कारण धरलं तर या खोलीत कोणी शिल्लक राहायचं नाही." सगळे मोकळेपणाने हसले, कोणीतरी बिस्किटांची बशी पुढे सरकवली, आणि सासूबाईंचं नाव कारणांतून एकमताने वगळण्यात आलं.

परत येताना लिफ्टमध्ये सासूबाईंनी विचारलं, "मग आता मी कोण?"

"ग्राहक, आई."

"ग्राहकाला परत नाही पाठवत?"

"ग्राहकाला कुठेच पाठवत नाहीत. सगळं त्याच्याकडे पाठवतात."

सासूबाई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. कारणेसाहेब दारात उभे राहिले. चहा टाकू का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

विभाग आता नव्या कारणाच्या शोधात आहे. अटी साध्या आहेत: वस्ती जंगलालगत हवी, काटक्या वेचायची सवय हवी, परवाना नको आणि मागे विचारणारं कोणी नको. वाचकांनी उगाच धसका घेऊ नये. त्यांचं नाव या यादीत येण्याचा संभवच नाही. जे जंगलाच्या आसपासही कधी फिरकले नाहीत, त्यांचा जंगलाशी संबंध तरी काय?