फाटकावरचा वेढा अथवा भूमेश्वरीबाईंची अर्जस्वारी

श्री.

मौजे पळसटोला येथील बचतगटाच्या समस्त बायांनी विचारिले की, सडक अर्जुनीचे वाटेवर रेल्वे फाटकापाशी रहांगडाले यांचे नवे मोटारीस वेढा कैसा पडला आणि तो कोणी कैसा उठविला, हे वर्तमान कागदावर आणावे. नाहीतर पानठेल्यावर जो तो आपले पदरचे मीठमिरची लावून सांगेल आणि खरे ते बुडून जाईल. त्यास जे घडले ते घडले तैसेच लिहितों. कोणाची भीड धरिली नाही. उदेलालजींचीही नाही.

उदेलालजी रहांगडाले हे मौजे मजकूरचे मातबर असामी. बावीस एकर धानाची जमीन, दोन बोअर, एक ट्रॅक्टर, आणि वडील पिढ्या माळव्याहून घोड्यावर बसून आल्या हे दर लग्नात सांगण्याचा हक्क वंशपरंपरेने चालत आलेला. त्यांनी गेले दसऱ्यास मोटार खरेदी केली. ती मोटार ऐसी विलक्षण की तीस चाबी लावणे नाही. चाबी म्हणोन एक काळी डबी देतात, ती खिशात असली म्हणजे पुरे. धन्याने दारास हात लाविला की दार उघडते, आणि आत बसून क्लच दाबून बटन दाबिले की इंजिन उठते.

हे कैसे घडते, म्हणाल तर मोटारीच्या अंगात ठायीठायी पहारेकरी बसविलेले. दारास हात लागताच अथवा बटन दाबताच ते हलक्या आवाजात पुसतात की, कोण आहे. हा आवाज दोन-चार हातांपलीकडे जात नाही. डबी जवळ असेल तर ती ऐकते आणि गुप्त शब्द उलट पाठविते. तो शब्द दर खेपेस नवा, म्हणोन कोणी चोराने कालचा चोरून ऐकिला तरी आज तो फुकट. शब्द पटला तर मोटार ताबेदार. न पटला तर सुकाणू जखडून बसते आणि ब्रह्मदेव आला तरी इंजिनास हाक ऐकू येत नाही. ऐसा बंदोबस्त चोरांसाठी केला. पुढे तो कोणावर चालला, ते आता लिहितों.

त्या साली आषाढात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. गावची पाण्याची मोटर संक्रांतीपासोन जळून पडलेली, बाया बोडीवरून, म्हणजे गावतळ्यावरून, पाणी वाहात, आणि सरपंच सुमित्राबाई यांचे दरबारी अर्ज पाच गेले, जबाब एक आला नाही. मग बचतगटाने मसलत करून उदेलालजींची सून सौभाग्यवती भूमेश्वरीबाई यांस सरपंचपदास उभे केले. बाई बी.ए. झालेल्या, बोलणे थोडे, वाचणे फार. घरात औषधाची पुडी आली तरी तिजवरील बारीक अक्षर वाचल्याविना गोळी देत नसत. उदेलालजींनी रुकार दिला, मात्र अट घातली की स्वारी मोटारीनेच निघावी, रहांगडाल्यांची सून मागे बसून फटफटीवर जाणार नाही.

सडक अर्जुनीचे तहसील कचेरीत अर्ज दाखल करण्याचा शेवटचा दिवस आणि मुदत दुपारी तीनची. सकाळी निघावयाचे, परंतु उदेलालजींनी पंचांग पाहून राहुकाळ टाळविला, तेणेंकरून बारा वाजले. मग मोटारीत पुढे बाईंचे यजमान हेमेंद्र सुकाणूवर, शेजारी बाई, मागे खुद्द उदेलालजी, आणि त्यांजपाशी अर्जाची लाल फाईल. रत्नपाल मेश्राम, ज्यांचे गावात मोबाईल दुरुस्तीचे दुकान आणि ज्यांनी हा अर्ज ऑनलाईन भरून छापून दिला, ते आपले फटफटीवर पाठीमागून. चाबी उदेलालजींचे बंडीच्या खिशात. घरात चाबी त्यांजखेरीज कोणी बाळगू नये ऐसा त्यांचा हुकूम होता.

गावापासोन तीन किलोमीटरवर उदेलालजींची बांधी, म्हणजे धानाचे शेत, लागते. तेथे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. रोवणाऱ्या बायांच्या ओळी वाकड्या जातात ऐसे लांबून दिसले, आणि मग त्यांस राहवेना. इंजिन चालूच ठेवून मोटार थांबविली, फाईल आणि आपला फोन मागल्या गादीवर ठेविला, आणि ते उतरून चिखलात गेले. पुढील कूच त्यांजविना करावे ऐसी आज्ञा जाहली. चाबी खिशातच गेली.

मोटारीने तत्क्षणी वर्दी दिली. तीन वेळ टुणटुण केले आणि काचेखाली इंग्रजीत अक्षरे उमटविली. भूमेश्वरीबाईंनी ती वाचून सांगितले की, चाबी गाडीत नाही ऐसे ही म्हणते. हेमेंद्र यांनी हसून सांगितले की तो पट्ट्याचा आवाज, पट्टा नीट ओढावा. चाबी नसती तर गाडी चालली कशी असती? हा तर्क ऐकावयास बिनतोड होता. परंतु मोटार करणाराचा कायदा निराळा. चालते इंजिन चाबी दूर गेली म्हणोन भर रस्त्यात बंद पाडावे तर मागून येणारा ट्रक माणसे चिरडील, म्हणोन ते चालूच राहू देतात. एकदा बंद केले म्हणजे मात्र चाबीविना पुन्हा उठावयाचे नाही.

आणि बंद करण्याचा हुकूमही उदेलालजींचाच होता. फाटक लागले की इंजिन बंद, डिझेल काय झाडाला येते, ऐसे त्यांचे नेहमीचे फर्मान. बाराचाळीसचे सुमारास रेल्वे फाटक आडवे पडलेले दिसले. हेमेंद्र आज्ञाधारक पुत्र. त्यांनी बटन दाबून इंजिन बंद केले. मालगाडी आली, अठ्ठावन्न डबे गेले, फाटक उठले. मग त्यांनी बटन दाबिले, आणि मोटार उठली नाही. पुन्हा दाबिले. सुकाणू हलेना. मागे तीन ट्रक, दोन टेम्पो, एक एसटी, सर्वांनी एकदम कर्णे फुंकिले.

हेमेंद्र यांचे तोंडचे पाणी पळाले. त्यांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी काचेखालच्या अक्षरांकडे बोट दाखविले.

मग ट्रकवाले उतरले, आणि नवराबायको दोघे उतरले, आणि बाईंनी उकाडा म्हणोन वारा घ्यावयास मोटारीच्या कप्प्यातील जाड पुस्तक हाती घेतले. चाके थोडी डावीकडे वळून जखडलेली, म्हणोन धक्का देताच मोटार आपोआप कडेच्या पळसाखाली जाऊन उभी राहिली. इतके निभावले. परंतु हेमेंद्र यांस शंका आली की एवढ्या गर्दीत चोरी होईल. त्यांनी दाराची खिट्टी आतून दाबिली आणि दार ओढून घेतले. चारी दारे बंद जाहली. लाल फाईल आत राहिली.

येथोन वेढा पडला. आपल्याच मोटारीने आपल्याच धन्यास बाहेर ठेविले. एसटीने अथवा ट्रकने बाईंनी पुढे जावे तर अर्ज आत. काच फोडावी तर उदेलालजींचा कोप. हेमेंद्र यांनी वडिलांस फोन लाविला, तो फोन मोटारीचे आत मागल्या गादीवर वाजू लागला आणि सर्वांनी काचेतून त्यास वाजताना पाहिले. शेवटी रत्नपाल यांस चाबी आणावयास बांधीकडे पिटाळिले. तेव्हां एक वाजून पाच मिनिटे जाहली होती.

दीडचे सुमारास समोरून ट्रॅक्टर आला. त्यावर सुमित्राबाई, अर्ज दाखल करून परतत होत्या. भूमेश्वरीबाई न आल्या तर सुमित्राबाई बिनविरोध निवडून येतात, हे दोघींसही ठाऊक. सुमित्राबाईंनी ट्रॅक्टर थांबविला, आपले बाटलीतले थंड पाणी दिले, आणि मोठ्या मायेने म्हणाल्या, "उन्हात काऊन उभी हायेस बाई? चाल, घरी सोडून देतो."

भूमेश्वरीबाई पाणी प्याल्या आणि बाटली परत दिली. म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं काकी. मी अर्ज भरूनच येतो."

ट्रॅक्टर गेला. त्या क्षणी बाईंचे डोळे भरून आले होते, हे कोणी पाहिले नाही. कारण त्यांनी तोंडापुढे पुस्तक धरिले होते. आणि तोंडापुढे आहेच तर म्हणोन ते वाचू लागल्या. मोटारीचे ते पुस्तक घेतल्या दिवसापासोन घरात कोणी उघडिले नव्हते. हेमेंद्र आणि मदतीस थांबलेले टेम्पोवाले खलबत करीत होते की तार घालून दार उघडावे. बाई पान एकशे बारावर पोहोचल्या होत्या.

तिकडे बांधीवर दुसरेच अरिष्ट. उदेलालजी ओळ सरळ कैसी धरावी हे दाखवावयास वाकले, तो चाबी खिशातून गुडघाभर चिखलात पडली आणि त्यांस कळलेही नाही. रत्नपाल यांनी जाऊन चाबी मागितली तेव्हां खिसा रिकामा. मग बारा बाया आणि उदेलालजी यांनी पायांनी सारी बांधी चाळिली. अर्धी घटका गेली, घटका गेली. अखेरीस रामकलीबाई, ज्या उदेलालजींचे कुटुंब आणि रोवणाऱ्यांत सर्वांहून जलद, त्यांचे अंगठ्यास डबी लागली. उदेलालजींनी ती कालव्याचे पाण्यात चांगली घासून धुतली. ज्या डबीत चिखलाने शिरकाव केला नव्हता तेथे पाण्याने केला.

अडीचला बारा मिनिटे असता रत्नपाल यांचे मागे फटफटीवर बसून उदेलालजी फाटकास दाखल जाहले. धोतर चिखलाने माखलेले. त्यांनी कोणाकडे न पाहता चाबी मोटारीकडे रोखून दाबिली. काही जाहले नाही. दोहों हातांनी दाबिली. चाबीतला सेल पाण्याने निकामी जाहला होता, दिव्याने उघडझापही केली नाही. मग हेमेंद्र यांनी दगड उचलिला आणि काचेवर धरिला, आणि उदेलालजींनी मान फिरविली, म्हणजे रुकार दिला.

"थांबा," भूमेश्वरीबाई म्हणाल्या. "चाबी मले द्या, मामाजी."

घरात सासऱ्यापुढे ऐसे बोलणे रीतीचे नव्हे. उदेलालजींनी क्षणभर विचार केला आणि डबी सुनेचे हाती दिली.

बाईंनी डबीच्या कडेचा बारीक खटका सरकविला, तो तिचे पोटातून लोखंडी पात्याची लहान चाबी निघाली. दाराच्या मुठीपाशी एक झाकण होते, ते काढिले, आत भोक. पाते घालून फिरविले आणि दार उघडले. तत्क्षणी मोटारीने जो आक्रोश मांडिला तो चार गावांत गेला. कारण गुप्त शब्द न पटता दार उघडले म्हणजे चोर आला ऐसा तिचा समज. फाटकावरील बकऱ्या उधळल्या. फाटकाशी नुकत्याच थांबलेल्या दुसऱ्या एसटीतील उतारू उतरून आले.

बाई न डगमगता सुकाणूपुढे बसल्या. क्लच दाबिला आणि मेलेली चाबी बटनाला टेकवून धरिली. रत्नपाल जवळ वाकून पाहात होते, त्यांनी विचारिले की, वहिनी, सेल मेला तर ही बोलेल कैसी? बाईंनी सांगितले की, आत एक चिप आहे, तिला सेल लागत नाही. बटनामागे तारेचे वेटोळे आहे, चाबी अगदी अंगाला लाविली की तेच तिला घोटभर वीज पाजते, आणि तेवढ्यावर ती आपला शब्द सांगते. पान एकशे सोळा.

मग बटन दाबिले. आक्रोश थांबला. सुकाणू सुटले. इंजिन उठले.

हेमेंद्र यांनी आपले जागी बसावयास दार धरिले. बाई म्हणाल्या, "आता बदलाबदली कायले? मागं बसा."

बाईंजवळ परवाना तीन वर्षांपासोन होता, मोटार मात्र मिळत नव्हती. हेमेंद्र मागे बसले, उदेलालजी चिखलासकट नव्या गादीवर बसले आणि गादीविषयी एक अक्षर बोलले नाहीत. रत्नपाल फटफटीवर पुढे, लोकांस हात करून वाट मोकळी करीत. सात किलोमीटरची मजल, मध्ये हायवेवर ट्रकांची रांग. बाईंनी तिसऱ्या गिअरावरून वर जाणे केले नाही, परंतु थांबणेही केले नाही. तहसील कचेरीचे आवारात पोहोचल्या तेव्हां तीनला सोळा मिनिटे होती.

इंजिन बंद करावे की चालू ठेवावे, हा पेच पडला. हेमेंद्र यांनी चालू ठेवा ऐसी अदबीने विनंती केली. बाईंनी बंद केले, चाबी मुठीत घेतली, फाईल बगलेत मारिली आणि पायऱ्या चढल्या. दाराशी रांग होती. त्यांजपुढे चौघे. खिडकीपाशी पाळी आली तेव्हां तीनला चार मिनिटे. कारकुनाने कागद एकेक करून पाहिले, एक छायाप्रत उलटी लावलेली होती ती सुलटी केली, शिक्का मारिला आणि पोच दिली.

बाहेर उदेलालजी मोटारीस टेकून उभे होते. बाईंनी रीतीप्रमाणे पोच आणि चाबी दोन्ही त्यांजपुढे धरिल्या. त्यांनी पोच घेतली, शिक्का उन्हात धरून दोन वेळ पाहिला, आणि घडी घालून आपले खिशात ठेविली. चाबी घेतली नाही.

"तुह्याजवळ राहू दे," ते म्हणाले. "मले ते इंग्रजी पुस्तक वाचता नाही येत."

येणेंप्रमाणे आषाढमासी शुक्रवारी, दुपारी दोन वाजून एकोणसाठ मिनिटांनी, भूमेश्वरीबाई रहांगडाले यांचा अर्ज सरपंचपदास दाखल जाहला, फाटकावरील वेढा उठला, काच एकही फुटली नाही, मनुष्यहानी नाही, बकऱ्या सर्व परत मिळाल्या. लढत दुरंगी ठरली. जे ऐकिले ते दोहों पक्षांकडून पडताळून लिहिले, आणि बचतगटाचे बैठकीत मोठ्याने वाचून दाखविले, तेव्हां हेमेंद्र यांनी पट्ट्याच्या आवाजाची हकीकत काढून टाकावी ऐसी अर्जी केली. ती नामंजूर जाहली.