हकीकत ओघळीच्या मोहिमेची आणि खराटा खाली ठेविल्याची

चिरंजीव पुतणीने शहरातून फोन करून हुकूम केला की, विहीर वाचली कैसी आणि काकांनी खराटा ठेविला कैसा, ते साद्यंत लिहून पाठविणे. आज्ञा प्रमाण मानून, घडले तैसे, पदरचे तिखटमीठ बेताचेच घालून लिहिले आहे. वाचणारांनी हसू आवरून वाचावे.

ते समयी उताराच्या शेतावर थोरल्या काकूसाहेबांचा अंमल होता. राज्य लहान, परंतु बंदोबस्त चोख. गनीम एकच, तो म्हणजे ओघळ. ती माळावरून चोरपावली उतरली, प्रथम बोटाएवढी, मग हातभर रुंद, आणि मग चांगली माती गिळीत गिळीत विहिरीच्या रोखे चालून आली. विहीर ढासळती तर शेत सुकते, आणि शेत सुकते तर धाकट्या भाऊजींचा जुना सल्ला, की वहिनी, आता जमीन विका आणि आमच्याकडे राहायला या, तो मानणे प्राप्त होते. भाऊजींच्या घरी काकूसाहेब एकवार आठवडाभर राहिल्या होत्या. तेथे खिडकी उघडावी तर समोर दुसऱ्याची खिडकी. त्या मुलखी पुन्हा मुक्काम करणे नाही, ऐसा त्यांचा निश्चय होता.

काकासाहेब शूर खरे, परंतु त्यांचे सारे शौर्य खराट्यात. पाहुणा दुरून दिसला की अंगण झाडावे, चपला जोडीने मांडाव्या, दोरीवरचे कपडेसुद्धा रंगवार लावावे, ऐसी त्यांची ख्याती. एकदा घरी चोरी जाहली, तेव्हा पोलीस पोहोचण्याआधी त्यांनी सारे घर आवरून ठेविले होते.

तो काकूसाहेबांचे कानी आले की, माती धरून ठेवणारास सरकारातून मदत मिळते. कोठून मिळते, हे मात्र सरकारासही ठाऊक नव्हते. मग पिशवीत जमिनीचे कागद, पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन खासा स्वारी बसने कूच करती जाहली. शेतकी कचेरीने फर्माविले की, आमचा अंमल पिकावर, ओघळीत पीक नाही, सबब पाटबंधारे खात्याकडे जाणे. पाटबंधारे खात्याने फर्माविले की, ओघळीत आज पाणी नाही, आणि कडेने झाडे लावणार असाल तर वनखात्याकडे जाणे. वनखात्याने पुसिले, झाडे आहेत काय? लावावयाची आहेत, ऐसे कळविता, ती मोठी जाहल्यावर येणे, ऐसा निवाडा जाहला.

काकूसाहेब हिंमत न हरता पुनश्च शेतकी कचेरीवर चालून गेल्या आणि बाकावर ठाण मांडून बसल्या. तो वाऱ्याचा झोत आला, कागद उडाले, आणि त्यांनी संतापून उठून कचेरीचे दार लोटले. दारामागील भिंतीवर पिवळी पडलेली सूचना चिकटविलेली होती: जमिनीची धूप थांबविण्यास अर्थसाहाय्य, अर्ज याच कचेरीत.

"अहो काकू, ही योजना आमच्याकडंच आहे की!" कारकून चष्मा पुसत म्हणाला. "इतकी वर्षं इथं बसतोय, कधी दिसली नाही बघा."

"दिसेल कशी? तुमचं दार जनतेसाठी कायम उघडं."

अर्ज दाखल जाहला. शर्त एकच, पाहणी अधिकारी खुद्द येऊन ओघळ मोजतील, आणि ती गुडघाभर खोल भरली तरच मदत. नेमल्या दिवशी काकूसाहेब साहेबांस आणण्यास सकाळीच बसथांब्यावर गेल्या. इकडे काकासाहेबांनी विचार केला की, एवढा मोठा पाहुणा येणार आणि विहिरीशेजारी हे भगदाड! मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागविला, ओघळ मातीने बुजविली, वरून पाणी शिंपडले आणि खराटा असा फिरविला की, जमीन पाटासारखी सपाट जाहली.

साहेबांनी चहूकडे नजर टाकिली. "ओघळ कुठाय?"

"होती ना साहेब," काकासाहेब अभिमानाने म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून आवरून घेतली."

"आवरली? अहो, तीच तर दाखवायची होती!" काकूसाहेब उद्गारल्या. डोळ्यांपुढे भाऊजींची खिडकी उभी राहिली आणि त्यांना रडू आले, ते त्यांनी गिळिले.

साहेब मनुष्य भला, परंतु कायद्याने बांधलेला. दिसत नाही ते मोजता येत नाही, ऐसे सांगून ते परत फिरले. काकासाहेबांचा चेहरा पार उतरला. निदान चहा तरी घ्या, ऐसे त्यांनी विनविले, तेव्हा साहेबांस त्यांचे मन मोडवेना. घराकडे जाण्यास सर्वांत सपाट आणि स्वच्छ वाट दिसली, त्या वाटेने साहेबांनी पाऊल टाकिले, आणि एक पाय मांडीपर्यंत भुईत गेला.

काकासाहेब फडके घेऊन धावले.

"खबरदार, हात लावाल तर!" काकूसाहेब गरजल्या. "साहेब, हलू नका. तुमची टेप कुठाय?"

मग साहेब तैसेच उभे असता काकूसाहेबांनी त्यांच्या पायाच्या कडेने टेप मातीत खुपसली आणि तळ गाठिला. आकडा साहेबांनीच मोठ्याने वाचिला, गुडघ्याच्या वर बराच भरला, आणि चिखलाच्या हातांनी त्यांनीच तो लिहून घेतला. हसले ते नंतर, पाय मोकळा जाहल्यावर.

यथाकाल मंजुरी आली. दगडी बांध पडले, कडेने गवताचा पट्टा धरला. परंतु तहाचे एक कलम जबर होते: पट्ट्यातील गवत, काटकी, पालापाचोळा कोणी उचलू नये, झाडू नये. काकूसाहेबांनी ते काकासाहेबांस मोठ्याने वाचून दाखविले. त्यांनी हातातील खराट्याकडे पाहिले.

"कडेकडेनं थोडंसं?"

"नाही."

"आणि पाहुणे आले तर?"

"तर त्यांना आपल्या विहिरीचं पाणी द्या."

तेव्हा काकासाहेबांनी खराटा आपल्या हातांनी खुंटीस टांगिला. येणेप्रमाणे ओघळीची शिकस्त होऊन मोहीम फत्ते जाहली, विहीर जागी राहिली आणि काकूसाहेबही. सांप्रत काकासाहेब रोज संध्याकाळी त्या पालापाचोळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहतात. बोटे शिवशिवतात, परंतु तह मोडिला नाही. ती वेळ कठीण जाते हे ओळखून काकूसाहेब तेथेच चहा घेऊन येतात आणि शेजारी उभ्या राहतात.