होडीचा ताप

जावयाने मोठ्या हौसेने फुगवायची होडी आणली, पण ती फुगवल्यावर गच्चीवर कपडे वाळत घालायला जागा उरणार नाही, हे काही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. बायकोच्या मात्र पहिल्याच धुण्याला आलं. तिने स्वच्छ सांगून टाकलं, की येत्या रविवारी ही तळ्यात धड चालली तर राहील, नाहीतर शेजारच्या मास्तरांच्या मुलांना देऊन टाकायची. जावयाचा जीव टांगणीला लागला. बिचाऱ्याला लहानपणापासून होडी हवी होती आणि ती मिळेपर्यंत टक्कल पडलं होतं.

सासरे त्यांच्याकडेच राहायचे. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरकी केलेला माणूस, आता तपासायला कोणी सापडेना म्हणून हात शिवशिवत होते. सोमवारी सकाळच्या गारव्यात जावयाने होडी टणक फुगवली, काटा लावून हवेचा दाब बघितला आणि तो ऑफिसला गेला. भर दुपारी सासरे तोच काटा घेऊन गच्चीवर गेले. उन्हाने होडी टम्म झाली होती आणि काटा सकाळच्या आकड्याच्या बराच पुढे गेला होता. ताप चढलाय, असं निदान करून त्यांनी काटा जागेवर येईपर्यंत हवा सोडली. रोग्याच्या नातेवाइकांना उगाच घाबरवायचं नाही, हा त्यांचा जुना नियम, म्हणून घरात कुणाजवळ बोलले नाहीत.

ऊन उतरलं तशी आत उरलेली हवा आकसली. संध्याकाळी जावई येऊन बघतो तो काय, होडी मलूल पडलेली. भोक असणार, दुसरं काय. त्याने साबणाचं पाणी लावून बघितलं, तर एक बुडबुडा येईल तर शपथ. तरी मन खात होतं, म्हणून संशयित जागी एक ठिगळ चिकटवलं आणि पुन्हा हवा भरली. मंगळवारी दुपारी पुन्हा ताप, संध्याकाळी पुन्हा ठिगळ. शनिवारपर्यंत सहा ठिगळं झाली आणि घरातले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर वाळत राहिले.

रविवारी बायको काठावर सतरंजी टाकून बसली. जावई लाइफ जॅकेटचे बंद बांधत होता, तेवढ्यात उन्हात ठेवलेल्या होडीला सासऱ्यांनी जाता जाता काटा लावलाच. मग दोघं वल्ही मारत निघाले. पाणी चांगलंच गार होतं. तळ्याच्या मध्यावर पोचेस्तोवर होडी मधोमध खचली आणि समोरासमोर बसलेले सासरे-जावई घसरत एकमेकांच्या गुडघ्यांना येऊन भिडले. जावई रडकुंडीला आला.

"संपलं सगळं, बाबा. सातवं भोक पडलं."

"भोक कसलं? हवा मी सोडली. ताप होता तिला."

"कधी?"

"आत्ता. आणि रोज दुपारी."

जावयाने वल्हं उचललं आणि होडी काठाकडे वळवली. दोघं भिजून काठाला लागले तेव्हा बायको पंप घेऊन उभी होती. पाण्यात उतरवल्यावर हवा पुन्हा बघावी लागते, असं होडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं तिने तिथे बसून वाचलं होतं. तापाची हकिकतही तिने ऐकली, पण शब्द म्हणजे शब्द. घरी आल्या आल्या तिने मास्तरांना बोलावलं.

मास्तर होडीभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी बोटाने ठिगळं मोजली.

"नको हो, वहिनी," ते अवघडून म्हणाले. "सहा भोकांची होडी. लहान मुलं आहेत घरात."

एकही भोक नाही, हे तिने परोपरीने सांगितलं. पण ठिगळं डोळ्यांपुढे असताना कोण विश्वास ठेवणार? मास्तर गेले आणि होडी राहिली. जावई इतका खूश झाला, की त्या दिवशी धुणं त्याने वाळत घातलं.

सोमवारी दुपारी सासरे सवयीने काटा घेऊन गच्चीवर गेले. होडीवर ओली चादर पसरलेली होती आणि लेक तिच्यावर तांब्याने पाणी शिंपडत होती.

"ताप आला तर गार पाण्याची घडी ठेवतात, बाबा," ती म्हणाली. "रोग्याचा श्वास काढून घेत नाहीत. चाळीस वर्षं काय केलंत दवाखान्यात?"