चष्मेकाकांच्या घरची प्रिलिम

चष्मेकाकांचा दावा असा, की गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच त्याच्या चालीवरून ते त्याचा नंबर सांगू शकतात. ते सांगतही असत. पाचातले दोन बरोबर यायचे, आणि उरलेल्या तिघांच्या बाबतीत चूक त्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांची असायची. तीस वर्षं लोकांच्या नाकावर काचा बसवून काकांचा आत्मविश्वास इतका वाढला होता, की आता त्यांना नंबराबरोबर माणसाचं भविष्यही दिसायला लागलं होतं. काकू मागच्या खोलीत भिंगांच्या कडा घासायच्या यंत्रावर बसत. पुढचं सगळं त्यांना ऐकू यायचं, पण यंत्राच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय होती.

त्यांना एकच मुलगी. वय सतरा, उंची बापापेक्षा वीतभर जास्त. घरात आणि गल्लीत सगळे तिला शिडी म्हणत आणि ती निमूट ओ देई. शिडीला पूल बांधायचे होते, खरेखुरे, खालून नदी आणि वरून ट्रक जाणारे. त्यासाठी बांधकामाच्या कॉलेजात जायला हवं, आणि त्या कॉलेजला गणितात साठ मार्क लागत. मुलांना अंदाज यावा म्हणून क्लासने प्रवेश परीक्षेच्या दोन प्रिलिम ठेवल्या होत्या. पहिलीच्या निकालाच्या तळाशी छापलं होतं, 'या मार्कांवरून कॉलेजची आखणी करावी व पसंतीचा अर्ज पालकांच्या सहीनिशी महिनाअखेर द्यावा.'

शिडीला भाषेत शहाण्णव मार्क होते. गणितात बारा.

"बाबा, काहीतरी चुकलंय," शिडी म्हणाली. "मला पेपर सोपा गेला होता."

"ज्याला बारा मिळतात त्याला पेपर सोपाच जातो," काका म्हणाले. "डोळे पूस आधी. आणि हा कागद काय सांगतोय ते बघ."

"मी नापास झाले, असं सांगतोय."

"तुला वरवरचं दिसतं. कागद सांगतोय, तू वकील होणार."

मागच्या खोलीतलं यंत्र क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

काकांचं गणित सरळ होतं. गणितात बारा म्हणजे हिने बांधलेला पूल पडणार. भाषेत शहाण्णव म्हणजे पूल पडल्यावर जो खटला उभा राहील तो ही जिंकणार. मग मधला पुलाचा खर्च तरी कशाला?

"पण मला पूलच बांधायचाय," शिडी रडवेली होऊन म्हणाली. "दुसरी प्रिलिम तरी होऊ द्या. मग ठरवा."

"शितावरून भाताची परीक्षा होते, पोरी. दुसरं शीत कशाला चेपून बघायचं? अर्जावर पहिल्या नंबरला वकिलीचं कॉलेज असेल तरच मी सही करीन."

शिडी त्या दिवशी जेवली नाही. काका मात्र व्यवस्थित जेवले आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, काकांनी तर ते दोन्ही गुडघ्यांना बांधलं. गिऱ्हाईक तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलं, की त्याला हलता येत नाही आणि बोलताही येत नाही. असे श्रोते काकांना फार आवडत. "उजवीकडे बघा. आमची मुलगी वकील होणार बरं का. आता डावीकडे बघा. प्रिलिममध्येच कळलं." चार दिवसांत सगळ्या पेठेला कळलं. समोरच्या शिंपीकाकांनी काळ्या कोटाचं माप घेतलं. शिडी अजून वाढेल म्हणून बाह्यांत दोन बोटं कापड जास्त धरलं.

मग खटलेही यायला लागले. शेजारच्या न्हाव्याच्या छपराचं पाणी पन्हळीतून थेट फुलवालीच्या टोपल्यांत पडायचं. दोघं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. काकांच्या घरी वकील तयार होतोय म्हटल्यावर दोघं एकाच दिवशी दुकानात येऊन उभी राहिली. काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी काकूंच्या भावाला, म्हणजे खऱ्याखुऱ्या वकीलमामांना, भाचीचा पहिला युक्तिवाद ऐकायला बोलावून घेतलं.

शिडीने दोघांचं म्हणणं ऐकलं. मग दुकानातली टेप, दोरी आणि एक स्टूल घेऊन ती बाहेर गेली. स्टुलावर चढून पन्हळीला नाक लावून तिने मापं घेतली, वहीत काहीतरी आकडेमोड केली आणि खाली उतरून म्हणाली, "हे टोक चार बोटं उचला. पाणी गटारात जाईल."

न्हाव्याने टोक उचललं. वरून बादलीभर पाणी ओतून बघितलं. पाणी गटारात गेलं. फुलवालीने न्हाव्याला मोगऱ्याची ओंजळ दिली, न्हाव्याने तिच्या मुलाचे केस फुकट कापायचं कबूल केलं, आणि दोघं आपापल्या दुकानात गेली.

"बघितलंत, काय वक्तृत्व आहे?" काकांनी मेव्हण्याला विचारलं.

"दाजी, ती एक वाक्य बोलली. बाकी वेळ मोजमापं घेत होती," मामा खिन्नपणे म्हणाले. "हे प्रकरण माझ्याकडे तीन वर्षं चाललं असतं. हिने अर्ध्या तासात मिटवलं. ही मुलगी माझ्या ऑफिसात आली, तर मला भाजी विकावी लागेल."

"मग तिला न्यायाधीश करू," काका म्हणाले.

अर्ज द्यायला दहा दिवस उरले होते. त्या सकाळी शिडी स्टुलावर बसून कोऱ्या अर्जाकडे बघत होती, तेवढ्यात क्लासचे गणिताचे सर चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला आले. काकांनी त्यांच्या नाकावरून चष्मा काढून घेतला आणि सवयीने सुरुवात केली, "आमची मुलगी वकील..."

"ते ऐकलंय. पण मी तिचा पेपर पुन्हा बघितला," सर म्हणाले. "पंचवीस गणितांपैकी सतरा तिने अचूक सोडवलीत."

"मग बारा मार्क कसे?"

"कारण त्यांतली तीनच मी दिलेली आहेत, एकेकाला चार मार्क. उरलेली चौदा हिने कुठून आणली, तेच मला कळेना."

झालं होतं ते असं. भाषेचे पेपर छापून मुलांच्या हातात आले होते. गणिताचे कागद छापखान्यातून वेळेवर आलेच नाहीत, म्हणून सरांनी गणितं पुढच्या पडद्यावर दाखवली. आणि उंच म्हणून शिडी सगळ्यात मागच्या बाकावर.

"पडद्यावर तीन होते, तिथं हिने आठ घेतलेत," सर सांगत होते. "दशांशाचं टिंब तर हिने एकही घेतलेलं नाही. काका, राग मानू नका, पण हिचे डोळे एकदा तपासून घ्या."

काकांच्या हातातला स्क्रू खाली पडला.

"डोळे? माझ्या मुलीचे? दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी मी स्वतः तपासतो. बस गं खुर्चीत. वाच तो तक्ता. होऊन जाऊ दे सरांची खात्री."

शिडी खुर्चीत बसली. समोरच्या भिंतीकडे बघून तिने वरच्या मोठ्या अक्षरापासून सुरुवात केली. काका खाली वाकून स्क्रू शोधत होते आणि शोधता शोधता मान डोलवत होते. चौथी ओळ बरोबर, पाचवी बरोबर. सातवी ओळ, जी वाचताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, ती शिडीने एका दमात म्हटली. सरांचा चष्मा काकांच्या हातात असल्यामुळे त्यांना भिंतसुद्धा धड दिसत नव्हती.

"बघा," काका उभे राहत म्हणाले. "एक चूक नाही."

तेवढ्यात काकू मागच्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत अक्षरांचा तक्ता होता.

"अहो, हा पुसून झालाय," त्या म्हणाल्या. "लावू का भिंतीवर?"

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर भिंगांच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावर एक बाई कुत्र्याला कुरवाळत हसत होती. शिडीने त्या बाईकडे बघून सातही ओळी वाचल्या होत्या.

"तो तक्ता नाहीये?" शिडीने घाबरून विचारलं.

"तुला काय दिसतंय तिथं?" काकांचा आवाज एकदम खाली आला.

"नेहमी दिसतं तेच. पांढरं, आणि मध्ये काहीतरी काळपट."

"मग इतकी वर्षं वाचत काय होतीस?"

"मला वाटलं, तो पाठ म्हणून दाखवायचा असतो," शिडी म्हणाली. "मी लहानपणापासून इथंच अभ्यासाला बसते ना. रोज पंधरा माणसं तेच म्हणतात. मला पहिलीतच पाठ झाला. सगळ्यांना असंच दिसत असेल, असं वाटायचं."

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," काकू म्हणाल्या. तक्ता काकांच्या हातात देऊन त्या यंत्रावर जाऊन बसल्या, कारण आता खरंच काम होतं.

दोन्ही डोळ्यांना उणे अडीच नंबर निघाला. तासाभरात चष्मा तयार झाला. शिडी तो लावून दुकानाच्या दारात उभी राहिली आणि समोरचं एकेक दुकान निरखू लागली.

"शिंपीकाकांना मिशी आहे?" तिने शेवटी विचारलं.

"तुझ्या जन्माच्या आधीपासून," काकू आतून म्हणाल्या.

काकांना फार वाईट वाटलं. गल्लीतल्या प्रत्येकाला आपण दृष्टी दिली आणि घरातली पोर सतरा वर्षं धुक्यात फिरली, वर तिच्यावर आपण वकिली लादायला निघालो, या विचाराने त्यांनी चहाचा कप तसाच परत पाठवला. हे दुःख त्यांना दुपारपर्यंत पुरलं. दुपारी चार वाजता पहिल्या गिऱ्हाइकाने हनुवटी टेकवली आणि काकांच्या तोंडून बाहेर पडलं, "वर बघा. आमची मुलगी देशातले सगळे पूल बांधणार. चष्म्याशिवाय सतरा गणितं बरोबर, मग चष्मा लावून किती होतील सांगा. अठ्ठ्याण्णव मार्क तर कुठे गेले नाहीत. खाली बघा." शिंपीकाकांना कोट थांबवायला सांगून त्यांनी पुलावर उभं राहायला शोभेल असा ड्रेस शिवायला टाकला.

दुसरी प्रिलिम झाली. निकाल नेमका अर्ज द्यायच्या दिवशी सकाळी आला. काकांनी पाकीट फोडलं, कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

"गणितात अडुसष्ट?" ते म्हणाले. "शिडे, ही दुकानातली सगळ्यात महाग भिंगं आहेत."

"बाबा, चष्म्याने गणित दिसतं," शिडी म्हणाली. "सोडवायचं मलाच असतं. सरांनी सांगितलं होतं ना, पंचवीसपैकी सतरा? तेवढीच आली. साठ लागतात, अडुसष्ट आहेत." तिने भरलेला अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. पहिल्या नंबरला बांधकामाचं कॉलेज होतं, आणि दुसऱ्या, तिसऱ्या नंबरलाही बांधकामाचंच.

काकांनी अर्ज पुढे ओढला. पेन उचललं, पण डोळे असे भरून आले की अर्जावरची एकही ओळ दिसेना. ते तिला कळू नये म्हणून त्यांनी तशीच घाईघाईने सही ठोकली.

कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज तपासला. पालकांची सही चौकटीतून निघून शिक्क्याच्या जागेवर चढली होती. त्याने कागद उजेडात धरला, आडवा केला, उभा केला.

"वडिलांना दिसत नाही वाटतं नीट," तो सहानुभूतीने म्हणाला. "एखाद्या चांगल्या चष्मेवाल्याला दाखवा त्यांना."

"हो, दाखवते," शिडी म्हणाली आणि शेजारी उभ्या असलेल्या काकांचा हात धरून तिने त्यांना जिना उतरवला.